हातभाराचा पिवळा डबा

हे कुणी मानणार नाही. मानूही नये. मघाशी या घाटात एसटीच्या टपावर बसून बिबट्या तालुक्याच्या गावी गेला आणि कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं, हे मंडळींनी माना डोलावून ऐकून घेतलं. त्यात काही बिघडलं नाही, बिबट्याही तक्रार करायला येणार नाही. पण त्या खांबावरच्या पिवळ्या डब्याची हकिगत निराळी आहे. ती ऐकून जो कोणी ‘खरं का हो?’ म्हणेल, त्यानं आपलं डोकं एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवून घ्यावं.

बस चार्ज व्हायला अजून पाऊण तास लागेल, असं ड्रायव्हर रेश्माताई म्हणतात. ऊन मी म्हणतंय. पाणपोईवर सगळ्यांच्या बाटल्या भरून झाल्यात. आणि डब्याचा विषय काढला तोही रेश्माताईंनीच, तेव्हा पुढं जे होईल त्याची जबाबदारी त्यांची.

“काढला, चुकले. पण आबा, आधी ती शाल काढा. तुमच्याकडे बघून आम्हाला घाम फुटतोय.”

राहू दे, राहू दे. म्हाताऱ्या माणसाला ऊन लागत नाही, वारा लागतो. आणि तो चहा इथं कट्ट्यावरच ठेवा. निवू दे जरा.

तर सतरा वर्षांमागची गोष्ट. तेव्हा इथं चार्जिंगचा खांब नव्हता, पाणपोई नव्हती. होतं ते अंकुशचं टायरचं दुकान. पत्र्याची शेड, हवेची टाकी, दारावर ओळीनं टांगलेल्या ट्यूबा. अंकुशचा हात असा, की टायरवरून नुसता तळवा फिरवून खिळा कुठं घुसलाय ते सांगायचा. करंजखिंडीचा हा चढ चढून येणाऱ्या जुन्या डिझेल ट्रकांची डोकी इथवर पोचेपर्यंत तापून लाल झालेली असत. अंकुश बॉनेट उघडायचा, वाफ जाऊ द्यायचा आणि दारातला पांढरा कॅन उचलून रेडिएटरमध्ये ओतायचा. दिवसातून वीस वेळा तेच. तापलेलं काही समोर दिसलं की त्याचा हात आपोआप कॅनकडे जायचा.

“नुसतं पाणी ओतायचा? कूलंट नाही?”

घ्या! ड्रायव्हर ती ड्रायव्हरच. होतं हो कूलंट. कॅनमध्ये कालवूनच ठेवलेलं असायचं. पुढं ऐका.

त्या साली सरकारनं ‘हातभार’ नावाची योजना काढली. घाटात दर दोन किलोमीटरला खांबावर एक पिवळा डबा. कल्पना साधी होती. रस्त्यावर माणूस कोसळला तर रुग्णवाहिका यायला अर्धा तास लागतो, आणि भोवती जमलेल्या पंचवीस माणसांत ज्याला काही येतं असा एकही नसतो. मग त्या पंचवीस जणांपैकी कुणाचेही हात शहाणे करता आले तर?

आता आपला स्नायू हा भारी आज्ञाधारक प्राणी. मेंदूकडून मज्जातंतूतून विजेचा बारीकसा झटका आला की तो आखडतो. झटका मेंदूनं दिला की बाहेरून आणखी कुणी, याची चौकशी तो करत बसत नाही. मेलेल्या बेडकाच्या पायाला तार लावली तरी पाय उडतो, हे आपण शाळेत वाचलंय. हातभाराच्या डब्यात खांद्यापर्यंत येणाऱ्या दोन बाह्या होत्या. आत झटका देणाऱ्या चारशे-चारशे टिकल्या, एकेका स्नायूवर आठ-दहा. कपाळाला कॅमेरा, कानात बोलणारी गुंडी. तिकडं शहरात एक यंत्र बसलेलं. हजारो अनुभवी नर्सांनी, डॉक्टरांनी आणि रुग्णवाहिकेवरच्या माणसांनी आयुष्यभर केलेल्या हालचाली त्या यंत्राला पाठ. तुम्ही फक्त बाह्या चढवायच्या आणि कानात विचारेल त्याची उत्तरं द्यायची. हात तुमचे, हातोटी त्यांची.

डब्याच्या झाकणावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये.’ आहे अजून, उन्हानं उडालंय जरासं. झाकणावरचं वाचतो कोण?

चैत्रातली दुपार होती, अशीच. एक पांढरी गाडी थांबली. चालवणारा पस्तिशीतला, प्रमोद नावाचा, शाळेत मास्तर. मागं त्याची आई. भाचीच्या साखरपुड्याला निघाले होते. उशीर झाला म्हणून सकाळपासून पोटात काही नव्हतं. तो हवा भरायला उतरला, अंकुशला म्हणाला, “जरा गरगरतंय हो,” आणि तिथंच आडवा झाला.

श्वास चालू होता. हे लक्षात ठेवा. छाती वर-खाली होत होती. कुणी त्याला नुसतं कुशीवर वळवून सावलीत गप पडू दिलं असतं, तर दहा मिनिटांनी उठून चहा मागितला असता त्यानं. पण दोन ट्रक थांबले, एक जीप थांबली, बघता बघता आठ माणसं जमली, आणि आठ माणसं म्हणजे आठ डॉक्टर.

“चप्पल हुंगवा, चप्पल!”

“फिट नाही ती, चक्कर आहे. कांदा आणा.”

“हातात किल्ल्या द्या आधी. लोखंड पाहिजे.”

“अहो, डोकं वर घ्या त्याचं. मांडीवर घ्या.”

चप्पल हुंगवून झाली. किल्ल्या देऊन झाल्या. जीपवाल्यानं तर दोन्ही पाय धरून त्याला सायकलच्या पंपासारखं दुमडून पाहिलं. मग त्याची आई गाडीतून कशीबशी उतरली आणि रस्त्यातच फतकल मारून ओरडली, “पाणी द्या रे कुणीतरी! घसा सुकलाय माझ्या लेकाचा, पाणी द्या!”

आई पाणी मागतेय. कोण थांबेल? जीपमधला एक लाल टोपीवाला पुढं झाला. त्यानं प्रमोदचं डोकं उचललं, तोंड उघडलं आणि आपली बाटली ओतली. घुटक-घुटक आवाज झाला. सगळ्यांना बरं वाटलं, पितोय म्हणून. तो पीत नव्हता. पिण्याचा आवाज निराळा असतो. दोनदा छाती उसळली, ओठ जांभळे झाले आणि श्वास थांबला.

तेव्हा कुठं अंकुशला डब्याची आठवण झाली.

ते पिवळ्या शर्टवाले काका कट्ट्यावर आडवे झाले वाटतं? उठवा हो त्यांना कुणीतरी. बसून झोपा म्हणावं.

“झोपू द्या की आबा, दमलेत. तुम्ही सांगा.”

बरं. सांगतो.

बाह्या आतून गार होत्या, म्हशीच्या नाकासारख्या. चढवल्या आणि अंकुशचे हात वर उचलले गेले. त्यानं उचलले नाहीत, हात उचलले गेले. कानात एक बाई बोलू लागली. आवाज शांत, जणू दुपारच्या बातम्या देतेय.

“रुग्ण शुद्धीवर आहे का?”

“नाही.”

“श्वास चालू आहे का?”

“नाही. आता नाही.”

“रुग्णाच्या तोंडात काही घातलं आहे का? अन्न, पाणी, औषध?”

अंकुशनं मान वर केली. झाकण उघडं होतं, आणि लाल अक्षरं बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्यानं आईकडं पाहिलं. ती हात जोडून बसली होती.

“नाही,” अंकुश म्हणाला.

यंत्राला काय, सांगाल ते खरं. ‘हो’ म्हटला असता तर हातांनी आधी प्रमोदला कुशीवर घेतला असता, घसा मोकळा केला असता, मग पुढचं. ‘नाही’ ऐकल्यावर हात सरळ छातीवर गेले. एकावर एक तळवे, कोपरं ताठ. तीस वेळा दाबायचं, थांबायचं, डब्यातला मुखवटा तोंडावर बसवून रबरी फुग्यानं दोनदा हवा द्यायची, पुन्हा तीस. बाई कानात मोजत होती. हवा आत जात नव्हती. यंत्राला वाटलं तोंडावरचा मुखवटा नीट बसला नाही, म्हणून ते सारखं मुखवटा बसवत राहिलं. तीस, थांबायचं. तीस, थांबायचं. बावीस मिनिटं. जमलेले लोक तोंडात बोट घालून बघत होते. टायरवाला अंकुश, पण हात कसे मोठ्या सर्जनासारखे! कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

रुग्णवाहिका आली तेव्हा दाबायला छाती होती, माणूस नव्हता.

आई रडली नाही. तिनं अंकुशच्या दोन्ही हातांवर कपाळ टेकलं. म्हणाली, “तुम्ही शर्थ केलीत. आणि ज्यानं पाणी पाजलं त्याचंही देव भलं करो. माझं लेकरू तहानलेलं नाही गेलं.” तेरावा झाल्यावर ती रांजण घेऊन आली, छप्पर घालून घेतलं आणि त्या डब्याच्या बरोबर खाली पाणपोई सुरू केली. तीच ही. तुमच्या बाटल्यांत आहे ते प्रमोदचं पाणी.

अशा एकदम बाटल्या खाली ठेवू नका. पाणी चांगलं आहे.

इथवर काही विशेष नाही. विशेष पुढं आहे. महिन्याभरानं अंकुश टायरवर पान्हा फिरवत होता, तर पान्हा गळून पडला आणि दोन्ही तळवे टायरवर जाऊन एकावर एक बसले. तो हसला. दुसऱ्या दिवशी दारातलं कुत्रं उन्हात पसरलं होतं. अंकुशचे हात त्याच्याकडे ओढले जाऊ लागले, बैलानं कासरा ओढावा तसे. त्यानं हात खिशात घातले. खिशाच्या आत ते दाबत राहिले.

आणि मग एक दुपार. त्याची बायको मंदा जेवणं उरकून चटईवर कलंडली होती. अंकुश दारात बसून दात कोरत होता. त्याला कुठूनतरी मोजणं ऐकू आलं. सतरा, अठरा, एकोणीस. शांत आवाज, बातम्या दिल्यासारखा. कोण मोजतंय म्हणून त्यानं इकडं-तिकडं पाहिलं, तेव्हा कळलं की तो दारात नाहीच. तो चटईवर गुडघे टेकून बसलाय, खाली मंदाचे डोळे पांढरे झालेत, आणि मोजतोय तोच, त्या बाईच्या सुरात. तीस झाले. हात थांबले. तेवढ्यात मंदानं त्याला लाथ घालून भिंतीवर उडवला.

दोन बरगड्या मोडल्या होत्या तिच्या.

दवाखान्यातून आल्यावर मंदानं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि त्याचे हात पाठीमागं बांधले. “जेवताना सोडीन,” ती म्हणाली. “आणि ताटावरची नजर हलली तर तेही नाही.”

“मंदे, मी मुद्दाम करतो का?”

“मुद्दाम केलं असतं तर परवडलं असतं हो. भांडता तरी आलं असतं तुमच्याशी.” मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, “त्या दिवशी नेमकं काय झालं?”

“सांगितलं की सगळं.”

“सगळं?”

मग मंदा सासरी असलेल्या लेकीकडं दोन दिवस जाते म्हणाली आणि महिने लोटले तरी आली नाही.

अंकुश शहरात हातभाराच्या कचेरीत गेला. तिथं डॉक्टर देवस्थळी म्हणून बाई होत्या. त्या दचकल्या नाहीत, कारण राज्यात असे एकतीस जण होते. एक जण आपल्या तान्ह्या नातवाला जवळ घेत नव्हता. एकीला देवळात साष्टांग नमस्कार घालणारी माणसं बघवत नव्हती.

“तुम्ही सायकल चालवायला शिकलात,” त्या म्हणाल्या, “ती आज विसरा म्हटलं तर विसराल? हालचाल पुन्हा पुन्हा केली की लहान मेंदूत तिची वाट पडते. आम्हाला वाटलं होतं, हात आमच्या तारांनी हलले तर वाट पडणार नाही. पडली. आणि ती जिवाच्या धसक्यात पडली, म्हणून खोल पडली. आता तुमच्या हातांना काय करायचं ते येतं. कधी करायचं आणि कधी नाही, ते येत नाही. ते शिकायला आम्हाला सात-सात वर्षं लागतात, ते काही बाह्यांत भरता आलं नाही.”

“मग आता?”

“उपाय आहे. काम अर्धं राहिलंय म्हणून हात ते शोधत फिरतात. बाह्या पुन्हा चढवायच्या, ते काम शेवटपर्यंत बरोबर करून घ्यायचं, की वाट बुजते. सत्तावीस जणांची बुजली. पण बरोबर कसं, ते यंत्र त्या दिवशीच्या नोंदीवरून ठरवतं. नोंद चुकीची असेल तर हात त्याच चुकीच्या जागी येऊन अडकतील आणि वाट आणखी खोल होईल.” त्यांनी एक कागद पुढं सरकवला. “प्रमोदच्या फुप्फुसात पाणी निघालं. पोपटी झाक असलेलं. तुमची नोंद म्हणते, तोंडात काही घातलं नाही. मला पोलिसांसाठी नकोय हे. मला तुमच्या हातांसाठी हवंय. पाणी कुणी पाजलं, केव्हा, किती?”

“पण आबा, त्यात अवघड काय आहे? कुठला कोण तो टोपीवाला, त्याला कशाला पाठीशी घालायचं?”

थांबा की ताई. माणसाचं मन म्हणजे काय बसचं स्टिअरिंग आहे, फिरवलं की वळलं? अंकुश म्हणाला, विचार करून सांगतो. आणि आला परत.

तो आला त्या दिवशी नेमकी प्रमोदची आई पाणपोईवर होती. वर्षश्राद्ध होतं. साठी उलटलेली बाई, दोन-दोन कळशा पाणी स्वतः आणून रांजण भरत होती. तिनं अंकुशला हाक मारली, “ये रे बाबा, पाणी पी. उन्हातून आलास.” अंकुशनं हात पुढं केले नाहीत, तर तिला वाटलं लाजतोय. तिनं तांब्या वर धरला. त्याला ओंजळ करावी लागली. ती ओतत होती आणि ओंजळ पुन्हा पुन्हा सुटत होती. निम्मं पाणी कोपरांवरून खाली गेलं.

ती म्हणाली, “तो पाणी पाजणारा मला पुन्हा दिसला नाही. डोळ्यांत पाणी होतं माझ्या, चेहरासुद्धा बघितला नाही त्याचा. तुला कधी भेटला तर सांग, म्हातारीला पायावर डोकं ठेवायचंय. दुसरं काय राहिलंय मला? एवढंच धरून बसलेय, की शेवटचं पाणी पडलं त्याच्या तोंडात.”

आता सांगा. खरं बोलावं तर स्वतःचे हात सुटतात, मंदा घरी येते. पण नोंद दुरुस्त झाली की पत्र नातेवाइकांना जातंच, तसा नियम. मग या बाईच्या रांजणाचं काय? ज्या पाण्याला ती वर्षभर आशीर्वाद देतेय, त्यानंच तिचा मुलगा बुडाला, भर उन्हात, कोरड्या रस्त्यावर. आणि पाणी मागितलं होतं तिनंच.

अहो, ते काका... त्यांची मान कशी पडलीय बघा. उठवा म्हटलं ना मघाशी. गाडी सुटायची.

“सुटत नाही आबा, गाडी माझी आहे. पुढं काय झालं?”

पुढं काय व्हायचंय. अंकुश दुसऱ्याच दिवशी शहरात गेला आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगून मोकळा झाला. लाल टोपीवाला, जीप, बाटली, सगळं. नोंद दुरुस्त झाली. बाह्या चढवल्या, हातांनी कचेरीतल्या रबरी बाहुल्याला झटक्यात कुशीवर वळवलं, घसा मोकळा केला, आणि झालं! पाण्यात टाकलेल्या मिठासारखी वाट विरघळली. पत्र काही म्हातारीपर्यंत पोचलं नाही, पोस्टाची कृपा. मंदा घरी आली. आता दुपारी ती एका चटईवर, अंकुश दुसऱ्या चटईवर, दोघं निवांत घोरतात. सरकारनं डबे रिकामे केले, यात चिमण्यांनी घरटं केलं. संपली गोष्ट. म्हटलं होतं ना, कुणी मानणार नाही.

“बाकीचं सगळं मानलं. टोपीवाला नाही मानला.”

का बरं? लाल टोपी आवडली नाही? मग निळी करू.

“त्याच्या बाटलीतलं पाणी पोपटी कसं?”

पोपटी? कोण म्हणालं पोपटी?

“तुम्हीच. फुप्फुसात निघालं म्हणालात. अठरा वर्षं गाडी चालवतेय, आबा. पिण्याच्या पाण्याला पोपटी झाक नसते, कूलंटला असते. तो कॅन उचलणारा माणूस इथं एकच होता.”

म्हाताऱ्याच्या तोंडून एखादा रंग जास्तीचा जातो हो. बिबट्याचं तिकीटसुद्धा अर्धं नव्हतं, पूर्ण होतं. ते बघा, चार्जिंगच्या खांबावरचा दिवा हिरवा झाला. झाली चार्ज तुमची बस. चला, बसून घ्या सगळे.

“बसतो. तुमचा चहा निवून साय धरली त्याच्यावर.”

घेईन की. कुठं पळतोय तो?

“आम्हाला लायसन्सच्या वेळी पंधरा दिवस दवाखान्यात शिकवतात, आबा, त्याशिवाय बस देत नाहीत. म्हणून सांगते. ते काका आडवे झाले तेव्हापासून तुमची शाल वर-खाली होतेय. मी मोजतेय. तीस झाले की थांबते.”